जोड कुणाच्या हातचा?

१

तपासणीच्या बाई खाणीवर पोचल्या तेव्हा गुन्हेगार खुर्चीत बसलेला होता, कबुलीजबाब टेबलावर तयार होता आणि चहा येत होता. एवढी सोय दिसली की बाईंना हमखास शंका यायची. पंचवीस वर्षं त्यांनी मोडलेलं लोखंड तपासलं होतं आणि एवढ्या काळात विचारण्याआधी खरं सांगणारा एकही माणूस त्यांना भेटला नव्हता.

ऑफिस म्हणजे पत्र्याचा कंटेनर होता. पंखा होता, पण तो गरम हवाच इकडची तिकडे करत होता. टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर पोकलेनच्या बूमचा कापून आणलेला तुकडा ठेवला होता. खोदकामाच्या त्या मशीनचा हा पुढचा लोखंडी हात चार दिवसांपूर्वी, सकाळी दहा वाजता, त्याआधी दोनच दिवस मारलेल्या वेल्डिंगवर मोडला. खाली उभा असलेला फिटर जागच्या जागी गेला. वय तीस. जोड मारणारे मिस्त्री समोर बसले होते आणि गेलेला फिटर त्यांचा जावई होता.

"जोड माझाच आहे, ताई," मिस्त्री म्हणाले. "वेल्डिंगचे रॉड ओले होते. मला माहीत होतं, तरी मारले. तसंच लिहा."

"मॅडम, मिस्त्रींचं वय झालंय," साइट इंजिनीअर हळहळत म्हणाले. एवढ्या धुळीतही त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. "मीच लक्ष द्यायला हवं होतं. पण त्यांच्यावर विश्वास होता ना."

बाईंनी भिंग काढलं आणि तुकडा उजेडाकडे फिरवला. "सगळा जोड तुमचाच? अगदी तळापासून वरपर्यंत?"

"तळापासून वरपर्यंत."

"रॉड एकाच पेटीतले?"

"एकाच."

जोडाचा तळाचा निम्मा भाग घट्ट होता, सुईच्या टोकाएवढंही छिद्र नव्हतं. असं काम करणारा हात त्यांनी फार थोड्या ठिकाणी पाहिला होता. वरच्या निम्म्या भागात मात्र गंमत होती. डावीकडून वीतभर तो ठीक होता आणि तिथून पुढे एकदम पोखरलेला, पावासारखा जाळीदार. ओला रॉड असा तळाला शहाणा आणि वर वेडा होत नाही. ओला असला की तो पहिल्यापासून सतावतो.

अहवाल उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. तो कबुलीजबाबाशी जुळला की पोलीस मिस्त्रींना घेऊन जाणार, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

मिस्त्री खोटं बोलत होते. खोटं बोलणारी माणसं बाईंना नवीन नव्हती. पण हा माणूस स्वतःच्याच विरुद्ध खोटं बोलत होता, आणि त्याचं कारण काही केल्या त्यांच्या लक्षात येईना.

२

पोकलेन खाणीच्या तळाशी, मोडलेला हात जमिनीला टेकवून उभी होती. बाई दुखऱ्या गुडघ्याला शिव्या देत उतारावरून खाली गेल्या. वर जरा तरी बरं होतं, इथे वारा दोन कड्यांच्या मधून असा घुसत होता की डोक्यावरचा पदर आणि हातातला कागद, दोन्ही एकदम सांभाळायची पंचाईत.

"वारा आजच आहे का?" त्यांनी पोकलेनच्या ड्रायव्हरला विचारलं.

"आजच कसला! दुपारी बारा ते सहा रोजचाच. मालक आले त्या दिवशी तर त्यांची टोपी उडाली म्हणे. सगळे हसू दाबत होते."

"मालक कधी आले होते?"

"जोड मारला त्याच दुपारी. चारला येणार होते, तीनलाच टपकले."

"तुम्ही होतात जोड मारताना?"

"नाही. साहेबांनी मला क्रशरवर पाठवलं होतं. पाचला आलो तर रंगसुद्धा मारून झालेला."

बाईंनी अपघाताबद्दल विचारलं. ड्रायव्हरचा आवाज उतरला. जावई समोर आला, हात वर करून थांबायची खूण केली आणि बूमच्या खाली जाऊन उभा राहिला. ग्रीस मारायला आला असेल असं ड्रायव्हरला वाटलं. तेवढ्यात कडकन आवाज झाला.

"ग्रीसगन कुठे होती त्याची?"

"गाडीतच राहिली होती," ड्रायव्हर म्हणाला, आणि आपण काय सांगितलं ते त्याचं त्यालाच उशिरा कळलं. "मग तो खाली कशाला गेला होता हो?"

बाईंनी पर्समधून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि जिथे जोड मारला होता तिथली धूळ त्याने विंचरायला सुरुवात केली. ड्रायव्हरला वाटलं, बाईंची अंगठी पडली. चुंबकाला आधी रॉडची जळकी थुटकं चिकटली, मिस्त्रींची. मग बोटाच्या पेराएवढे, पक्कडीने तोडलेले बारीक तारेचे तुकडे येऊ लागले. तार लोखंडाची, पण वरून तांब्याचा मुलामा दिलेली. सात, आठ, अकरा तुकडे.

अशी तार रॉडच्या वेल्डिंग सेटला लागत नाही. ती वेगळ्याच मशीनला लागते. बाई तशाच उठल्या आणि लंगडत स्टोअरकडे निघाल्या.

३

"गॅसवर चालणारं तारेचं मशीन? आहे ना. पण ते इथून कधी हललंच नाही," स्टोअरवाला म्हणाला. तो गोल, गप्पिष्ट माणूस होता आणि गेले चार दिवस त्याला गप्प बसावं लागल्याने त्याची फार कुचंबणा झाली होती. "साहेबांनीच सांगितलंय, कुणी विचारलं तर ते वर्कशॉपबाहेर गेलेलं नाही म्हणून."

"असं सांगितलंय?"

स्टोअरवाल्याने जीभ चावली.

मशीन एका माणसाला उचलता येईल एवढं होतं, चकचकीत आणि स्वच्छ पुसलेलं. बाईंनी बाजूचं झाकण उघडलं, जिथून तार आत सरकते. आतल्या चाकांवर पांढरी दगडाची भुकटी बसली होती. वर्कशॉप होतं डांबरी रस्त्यापलीकडे, तिथे अशी भुकटी औषधालाही नव्हती.

आता बांध फुटल्यावर स्टोअरवाला भडाभडा बोलू लागला. आठ महिन्यांपूर्वी नवा वेल्डिंग सेट घ्यायचा ठरला तेव्हा साहेब आणि मिस्त्री यांच्यात जोरदार वाजलं होतं. मिस्त्रींना डिझेलवर चालणारा, गाड्यावर बसवलेला, रॉडचा जाडजूड सेट हवा होता. जुना होताच, तसाच दुसरा. साहेबांना हे हलकं मशीन हवं होतं. ते म्हणाले, तो रणगाडा खाणीत ओढून न्यायला अर्धा दिवस जातो, हे मशीन जीपमध्ये टाकलं की झालं, आणि काम तिप्पट वेगाने.

"आणि मिस्त्री काय म्हणाले?"

"म्हणाले, रॉडचं संरक्षण रॉडच्या अंगावरच असतं, वरचा लेप जळतो आणि जोड झाकतो. याचं संरक्षण म्हणजे नळीतून येणारा गॅस. वाऱ्याने तो उडवला की जोड उघडा पडला. खोलीत हे मशीन राजा, खाणीत भिकारी. साहेबांना ते फार लागलं. मालकांसमोर बोलले ना."

"शेवटी साहेबांचंच झालं."

"साहेबच ते." स्टोअरवाल्याने फळीवरून एक सीलबंद खोका काढला. "यासोबत हे पण आलं होतं. कुणी मागितलं नाही, म्हणून पडून आहे."

बाईंनी खोक्यावरचं वाचलं, परत एकदा वाचलं. आत गॅसशिवाय चालणारी तार होती. हिच्या पोटातच संरक्षणाची भुकटी भरलेली असते, ही वाऱ्याला भीक घालत नाही. त्याच मशीनला ही तार लावून दोन वायरी अदलाबदल केल्या असत्या, तर एक माणूस आज जिवंत असता. आठ महिने खोका फळीवर होता आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती.

"हे मशीन चालवायला कुणाकुणाला येतं?" त्यांनी विचारलं. "मिस्त्रींना?"

"ते हातसुद्धा लावत नाहीत. साहेबांना फक्त विकत घ्यायला येतं." स्टोअरवाल्याचा आवाज एकदम बसला. "येत होतं एकालाच, बाई. जो गेला त्याला."

४

मिस्त्रींचं घर दोन खोल्यांचं होतं. दार मुलीने उघडलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि एक शब्दही न बोलता ती आत निघून गेली. जाताना तिने वडिलांकडे पाहिलं नाही. त्यांचं ताट बाहेरच्या खोलीत झाकून ठेवलं होतं, तसंच.

"चार दिवस झाले," मिस्त्री हळूच म्हणाले. "जेवायला वाढते, पण तोंडातून ब्र काढत नाही."

बाईंनी तांब्याच्या मुलाम्याचे ते तुकडे खाटेवर ठेवले. मिस्त्रींनी ते बघितले आणि मग भिंतीकडे बघत बसले.

"तुमचा पट्टा तुटला ना?" बाई म्हणाल्या. "डिझेल सेटचा. त्यावर नवाकोरा पट्टा दिसला मला. तुमची थुटकं मी मोजली नाहीत, पण अर्ध्या जोडाचीच असतील. काम अर्ध्यावर थांबलं. तुम्ही पट्टा आणायला गेलात. उरलेला अर्धा जोड दुसऱ्याने मारला."

मिस्त्रींनी घाईघाईने आतल्या दाराकडे पाहिलं आणि बाईंना बाहेर, पायरीवर नेलं.

"हळू बोला, ताई. तिला कळता कामा नये." "साडेपाचला परत आलो तर रंग मारून पोकलेन चालू. हा समोर उभा, तोंडभर हसत. 'झालं मामा, तुम्ही नका काळजी करू.' मी त्याला घोकून घेतलं होतं, खाणीत ते मशीन चालवायची वेळ आलीच तर आधी ताडपत्रीचा आडोसा बांधायचा. मला वाटलं, बांधला असेल. रंग खरवडून बघायला हवं होतं. पण पहिल्यांदा माझ्याशिवाय काम केलं होतं त्याने. त्याचा चेहरा बघून मला खरवडवेना. तपासणीच्या कागदावर सही करून टाकली."

"आणि मोडल्यावर?"

"मोडल्यावर छिद्रं दिसली. आळस केला असणार पोराने. आडोसा बांधला नसणार." त्यांनी चेहरा पुसला. "माझी जीभ जळो. त्याला मी कामावरून कमी बोललो नाही कधी. चारचौघांत त्याचा जोड फेकून दिलाय मी. पण आता तो गेला. नवरा स्वतःच्याच हातच्या कामाने गेला, हे ओझं तिने जन्मभर वाहायचं? त्यापेक्षा बापाने मारला म्हणून शिव्या देऊ दे. बाप किती दिवस पुरणार आहे!"

"मी खोटं लिहीत नाही, मिस्त्री."

"माझी सही आहे की कागदावर. त्यात खोटं काय?" ते हात जोडून उभे राहिले. "माझं नाव राहू द्या, ताई."

बाईंना राग आला. त्यांच्यावर, गुडघ्यावर, सगळ्यावरच. खरं शोधून काढलं होतं आणि ते कुणालाच नको होतं. शिवाय ते पुरतं खरंही नव्हतं. आळशी माणूस पहिल्यापासून आळस करतो. वीतभर जोड निर्दोष मारून मग एकदम आळशी होत नाही.

५

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता इंजिनीअर साहेबांनी बाईंना खाणीच्या काठावर मांडवात बसवलं. चार बांबू आणि वर ताणलेली ताडपत्री, खाली टेबल. कंटेनरपेक्षा इथे बरं वाटेल, असं ते म्हणाले.

"छान केलंय," बाई म्हणाल्या. "नेहमीचं आहे?"

"छे, मालक आले त्या दिवशी उभारलं. कामगारांना जेवायला बरं पडतं म्हणून काढलं नाही. मग मॅडम, अहवाल झाला?"

"शेवटचं पान राहिलंय." बाईंनी कागद पुढे ओढला. त्यावर उन्हाचे बारीक ठिपके पडले होते, एका कडेला दाट, दुसरीकडे अजिबात नाही. त्या ठिपक्यांकडे त्यांनी पाहिलं, मग मान वर करून ताडपत्रीकडे पाहिलं. साहेबांनी चहा ढवळला, परत ढवळला.

"साखर विरघळली असेल आता," बाई म्हणाल्या. "साहेब, ही भोकं कशाची?"

"जुनी ताडपत्री आहे."

"जुनी ताडपत्री घडीवर फाटते. ही जळालेली भोकं आहेत, ठिणग्यांची. मांडव उभारल्यावर याच्याखाली वेल्डिंग कुणी केलेलं नाही, इथे जेवणं होतात. म्हणजे भोकं आधीची. मांडव कुठल्या दिवशी उभारला ते तुम्हीच आत्ता सांगितलंत. त्या दुपारी ही ताडपत्री खाली पोकलेनपाशी होती. जावयाने सासऱ्याने शिकवल्याप्रमाणे आडोसा बांधला होता."

साहेब हसले. हसू जमलं नाही.

"त्या आडोशाच्या आत त्याने वीतभर जोड मारला. तो अजून शाबूत आहे. मग एका ठरावीक जागी, इथे," बाईंनी कागदावर रेघ मारली, "एकदम छिद्रं सुरू होतात. वारा तीन वाजता नव्याने आला नव्हता, तो बारापासूनच होता. तीनला आले ते मालक. तासभर लवकर. त्यांना सावली हवी होती आणि तुमच्याकडे ताडपत्री एकच होती."

"मालक उन्हात उभे होते, मॅडम—"

"सावलीसाठी गाडी होती की त्यांची. तेवढंच कारण नव्हतं." बाईंचा आवाज चढला. "आठ महिन्यांपूर्वी मिस्त्रींनी तुम्हाला मालकांसमोर खोटं पाडलं होतं. त्या दिवशी रणगाडा बंद पडला होता आणि तुमचं मशीन चालू होतं. मालकांनी ते बघावं, असं तुम्हाला वाटत होतं. आडोशाच्या आत काय दिसणार?"

साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला. आता पहिल्यांदाच ते वयाने किती लहान आहेत, ते दिसलं.

"तो म्हणाला होता," ते पुटपुटले. "म्हणाला, साहेब, आडोसा काढू नका, वारा लागेल. मी म्हटलं, दहा मिनिटांचं तर काम राहिलंय. मालक वरून बघत होते. जोड वरून छान दिसत होता, मॅडम. वरच्या थराची छिद्रं त्याने ग्राइंडर मारून, परत भरून झाकली. मला वाटलं, झालं."

"तुम्हाला वाटलं. आणि तिसऱ्या दिवशी तो ग्रीसगन न घेता बूमखाली का गेला, ते आता तुम्हाला कळलं असेल."

साहेबांनी मान हलवली नाही, पण त्यांना कळलं होतं. तो आपला जोड बघायला गेला होता.

६

संध्याकाळच्या आधी बाई परत त्या दोन खोल्यांच्या घरी गेल्या. मिस्त्री पायरीवरच होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, साहेबांनी लिहून दिलेला कागद दाखवला. ताडपत्रीचं ऐकलं तेव्हा मिस्त्रींनी दोन वेळा विचारलं, "बांधली होती? त्याने बांधली होती?" आणि मग ते लहान मुलासारखे रडले. पोराला आपण पाच दिवस मनात आळशी म्हणत होतो, याचं त्यांना रडू येत होतं.

"पण तिला नको," ते डोळे पुसत म्हणाले. "हात त्याचाच होता ना. तिला कशाला..."

"बाबा."

मुलगी दारात उभी होती. पाच दिवसांनी आलेला तो पहिला शब्द होता आणि मिस्त्री उठायचंही विसरले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

ती उंबऱ्यावर बसली. बाईंकडे न बघता, वडिलांकडेही न बघता बोलत राहिली. "त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणाले, ताडपत्री काढून नेली, वारा लागला, जोड आतून पोकळ झालाय. उद्या मामांना सांगतो, सगळा खरवडून परत मारून घेतो."

"मग सांगितलं का नाही त्याने?" मिस्त्रींनी विचारलं. "मला का नाही सांगितलं?"

"मी म्हणाले, सांगू नका." तिने पदर बोटाला गुंडाळला. "मी म्हणाले, बाबा चारचौघांत ओरडतील. तुमचा अपमान करतील, मागच्या वेळेसारखा. मला बघवत नाही. दोन दिवस थांबा, बाबांचा मूड बघून मी सांगते. ते म्हणाले, बरं. मग बाबा, तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत, आणि मी गप्प बसले. त्यांचं नाव खराब होऊ नये म्हणून तुम्हाला तुरुंगात जाऊ देणार होते मी. तुमच्याकडे बघायचं तरी कसं?"

आजपर्यंतच्या कुठल्याही चौकशीत बाईंना आपण तिथे नसतो तर बरं, असं इतकं वाटलं नव्हतं.

"लिहून घ्या," मुलगी बाईंना म्हणाली. "आडोसा काढू नका म्हणून त्यांनी सांगितलं होतं, हे लिहा. माझं नाव घालून लिहा."

मिस्त्री उठले आणि तिच्याजवळ जाऊन उंबऱ्यावर बसले. त्यांना हात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. शेवटी त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला.

"मी ओरडलो असतो गं," ते म्हणाले. "खूप ओरडलो असतो."

"मग आता ओरडा ना, बाबा."

मिस्त्रींनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.